हिमबिबट्याच्या मुलखातील पाहुणचार

लडाख हा हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे वसलेला प्रदेश आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून तो स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाला. पावसाळी ढग हिमालय ओलांडेपर्यंत कोरडे पडतात. त्यामुळे लेह येथे वर्षभरात सरासरी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. शेती होते ती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. डोंगरातून उतरणारे ओढे पाटांनी वळवून लोक जव, वाटाणा आणि थोडा भाजीपाला पिकवतात. पिकाचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो. म्हणून शेतीच्या जोडीला शेळ्या, मेंढ्या, याक आणि याक-गाईच्या संकरातून झालेले झो पाळावे लागतात. दूध, लोकर, शेणखत आणि चुलीतले सरपण ही सारी या जनावरांची देणगी होय. जनावरे हीच तेथील कुटुंबाची शिल्लक असते.

या शिल्लकीवर घाला घालणारा एक प्राणी याच डोंगरात राहतो. तो म्हणजे हिमबिबट्या. लडाखी लोक त्याला ‘शान’ म्हणतात. भरल आणि आयबेक्स ही त्याची नैसर्गिक भक्ष्ये. परंतु हिवाळ्यातील एखाद्या रात्री तो गुरांच्या वाड्यात शिरतो. कोंडलेली जनावरे भीतीने सैरावैरा धावू लागली, की तो एकापाठोपाठ एक अनेक मेंढ्या मारतो. खातो मात्र त्यांतली एखादीच. सकाळी वाड्याचे दार उघडणाऱ्या कुटुंबाची कित्येक वर्षांची कमाई अशी एका रात्रीत संपते. मग संतापलेल्या गावकऱ्यांच्या हातून बिबट्याचाही जीव जातो. कायदा त्याला संरक्षण देतो. पण गरीब घराचे नुकसान कायद्याच्या पुस्तकाने भरून निघत नाही.

१९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुले झाले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबक, मारखा यांसारख्या गावांवरून पदयात्री जाऊ लागले. परंतु त्यांचे तंबू, धान्य आणि मार्गदर्शक हे सारे बहुधा बाहेरूनच येई. त्यांच्या सामानाची खेचरे गावाच्या कुरणात चरत, आणि पैसा मात्र शहरातील संस्थांकडे परत जाई. बिबट्या पाहण्याची हौस परक्यांची आणि त्याने केलेले नुकसान गावाचे, अशी ही विभागणी होती.

ती बदलण्यासाठी २००२ च्या सुमारास ‘स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने गावकऱ्यांबरोबर एक योजना आखली. पाहुण्याने तंबूत न राहता गावातल्या घरीच राहावे, हा तिचा गाभा होता. घरातली एखादी खोली स्वच्छ करून पाहुण्याला द्यायची, घरात शिजेल तेच त्याला वाढायचे आणि त्याचा ठरलेला मोबदला घ्यायचा. एकाच घराची भरभराट होऊन इतरांच्या मनात कटुता येऊ नये म्हणून घरांनी पाळीपाळीने पाहुणे घ्यावेत, असे ठरले. उत्पन्नाचा काही भाग गावाच्या सामाईक निधीत जमा होऊ लागला. राहण्याजेवणाची व्यवस्था मुख्यतः स्त्रिया पाहत असल्यामुळे त्यांच्या हाती स्वतःचा पैसा आला. याच प्रयत्नांच्या जोडीने गुरांच्या वाड्यांवर तारेची जाळी आणि मजबूत दारे बसवण्यात आली. वाडा पक्का झाला, की बिबट्याही वाचतो आणि मेंढ्याही.

आता हिवाळ्यात रुंबकला येणारे अनेक जण हिमबिबट्याच्याच ओढीने येतात. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. ज्या प्राण्याकडे गाव वैरी म्हणून पाहत असे, तोच काही घरांच्या उपजीविकेचा आधार झाला आहे.

अशा घरी पाहुणा म्हणून जाणाऱ्याने काही गोष्टी समजून घ्याव्यात. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, यावरून या उंचीची कल्पना येईल. तेथील विरळ हवेत डोके दुखणे, मळमळणे, धाप लागणे असे त्रास होऊ शकतात. म्हणून पोहोचल्यावर किमान दोन दिवस विश्रांती घ्यावी. त्रास वाढत गेल्यास वर न चढता तत्काळ खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. रस्त्याने जायचे असल्यास श्रीनगर-कारगिल मार्गावर उंची त्या मानाने हळूहळू वाढते. मनालीच्या मार्गावर मात्र ५,३०० मीटरहून उंच असलेली तांगलांग ला ही खिंड ओलांडावी लागते.

घरात शिरताना ‘जुले’ म्हणावे. नमस्कार, आभार आणि निरोप या तिन्हींसाठी हा एकच शब्द चालतो. स्वयंपाकघर हे घरातील मुख्य दालन असते. शेगडीभोवती बसण्याच्या जागा वय आणि मान यांनुसार ठरलेल्या असतात. म्हणून यजमान दाखवतील तेथेच बसावे. लोणी व मीठ घातलेला गुरगुर चहा, कणकेचे तुकडे भाज्यांसह शिजवून केलेला स्क्यू हे तेथील नेहमीचे पदार्थ. चहाचा पेला थोडा रिकामा होताच पुन्हा भरला जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची. लडाखी घरातील पारंपरिक शौचालय कोरडे असते. मैल्यावर माती टाकली जाते, त्याचे खत होते आणि ते शेतात जाते. त्यात प्लॅस्टिक टाकले, तर ते अखेरीस यजमानाच्या शेतात पोहोचते. अंघोळीला भरपूर गरम पाणी मागणाऱ्या पाहुण्याने हे पाणी कोठून येते आणि कोणत्या सरपणावर तापते, याचा विचार करावा. प्रत्येक पाहुण्याने शहरातील सोयींचा आग्रह धरला, तर गाव त्या पुरवीलही; पण मग ओढ्याचे पाणी शेताला पुरणार नाही.

म्हणून या व्यवस्थेचे यश गावाच्या शिस्तीवर जितके अवलंबून आहे, तितकेच पाहुण्याच्या वागण्यावरही आहे. पैसे मोजले म्हणजे घर विकत घेतले, असे होत नाही. आपल्या राहण्याने त्या घराची मिळकत वाढावी, पण त्याचे पाणी, सरपण आणि स्वास्थ्य कमी होऊ नये, एवढे भान प्रवाशाने ठेवले, तर गावही टिकेल आणि त्याच्या माथ्यावरच्या कड्यांतून फिरणारा शानही टिकेल.