भाड्याने देण्यासाठी घर घेताना पाणी, वीज व दुरुस्तीचा हिशेब

नागपूर जिल्ह्यातील अनेक गावांतील जमिनी मिहान प्रकल्प व समृद्धी महामार्गासाठी संपादित झाल्या. मोबदल्यातून शहरात घर घ्यावे व ते भाड्याने द्यावे, असा विचार अशा वेळी घरात होतोच. तो चुकीचा नाही. परंतु विहिरीचे वावर घेताना आपण भाद्रपदातील भरलेली विहीर पाहून सौदा करीत नाही. वैशाखात तिला किती पाणी राहते, हे विचारतो. घराच्या बाबतीतही तेच करावे. शक्यतो मे महिन्यात घर पाहावे.

नागपूरला पेंच प्रकल्प व कन्हान नदीचे पाणी मिळते. महानगरपालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना हाती घेतली असली, तरी सर्वच वस्त्यांत तसे पाणी येत नाही. शहराच्या कडेच्या काही अभिन्यासांत बोअर व टँकरवरच भिस्त असते. शहरी वापरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. चार-चार माणसांची दोन बिऱ्हाडे म्हणजे दिवसाला १,०८० लिटर, महिन्याला सुमारे ३२ युनिट (एक युनिट म्हणजे १,००० लिटर). त्यात उन्हाळ्यात मोठा कूलर दिवसाला शंभर लिटर पाणी सहज पितो. नळ किती वाजता येतो, टाकी किती लिटरची आहे, बोअर कोणत्या महिन्यात आटतो, हे मालकाला किंवा दलालाला न विचारता शेजारच्या भाडेकरूला विचारावे. त्याला खोटे बोलण्याचे कारण नसते.

विजेबाबत प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र मीटर आहे काय, हे प्रथम पाहावे. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. दोन कुटुंबे एकाच मीटरवर असल्यास दोघांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातो आणि भांडण घरमालकाच्या दारी येते. पाण्याची मोटार व जिन्यातील दिवे कोणाच्या मीटरवर आहेत, हेही विचारावे. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू झाली. घरच्या मोटारीला ती सवलत नाही. एक अश्वशक्तीची मोटार तासाला पाऊण ते एक युनिट घेते.

दुरुस्तीचा खर्च बहुधा मातीतून सुरू होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. नागपूरच्या अनेक वस्त्या अशाच मातीवर आहेत. पाया उथळ असल्यास दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. ताज्या रंगाखाली त्या दिसत नाहीत, म्हणून नुकत्याच रंगविलेल्या घराकडे जरा संशयानेच पाहावे. गच्ची उन्हाने तापून तडकते व पहिल्या पावसात गळते. छताला ओलीचे डाग आहेत काय, ते पाहावे. गटार योजना नसल्यास सेप्टिक टाकी उपसण्याचा खर्चही धरावा.

आता उदाहरणादाखल हिशेब पाहू. यातील आकडे धरून चाललेले आहेत, आपण आपल्या घराचे घालावेत. घराची किंमत ६० लाख रुपये व दोन बिऱ्हाडांचे दरमहा ९,००० प्रमाणे वर्षाचे भाडे २,१६,००० रुपये. एक महिना घर रिकामे राहिले, १८,००० गेले. घरपट्टी १२,०००, पाणीपट्टी ९,०००, मोटार व दिवे ८,०००, उन्हाळ्यातील टँकर २४,०००. दुरुस्तीसाठी बांधकामाच्या ३० लाखांवर शेकडा एक म्हणजे ३०,००० बाजूला ठेवावे. हाती राहिले १,१५,०००, म्हणजे शेकडा दोन रुपयेही नाहीत. दलालाने मात्र शेकडा साडेतीन सांगितलेले असतात! जागेचा भाव वाढेल हे खरे, पण त्यावर दरमहा घर चालत नाही. शिवाय शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असले, तरी भाडे तसे नाही. भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सूट मिळते, बाकीची रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते.

इसार देण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची वीज व पाण्याची बिले आणि घरपट्टीची पावती मागून घ्यावी. एप्रिल ते जूनची बिले वेगळी काढून पाहावीत. नियमांत तरतूद असल्यास आधीच्या ग्राहकाची वीज थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून थकबाकी नसल्याचा दाखला विक्रेत्याकडून घ्यावा व तो मिळेपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याची अट करारात लिहून घ्यावी.