वेतोबाच्या वहाणा, मिशोआकानचे वाराचे

भिवंडीच्या आसपास मानकोली, राहनाळ, दापोडे, काल्हेर, पूर्णा या गावांत आता भाताच्या खाचरांपेक्षा पत्र्याची छपरं जास्त दिसतात. मुंबईला खेटून, तरीही मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, या एका सोयीवर इथली गोदामं उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. यंत्रमागाच्या या गावातून आज ऑनलाइन ऑर्डरींचा माल सुटतो, त्यात पायातल्या वस्तू कमी नाहीत. मोबाइलवर ‘कोल्हापुरी स्टाइल’ असा शोध घ्या; रेक्झिनचा पट्टा आणि रबरी तळ असलेले जोड रांगेने समोर येतील. ‘वाराचे’ शोधा, नायकीचा बूट येईल. ‘एअर वाराचे’ हा बूट टिंकर हॅटफील्ड या डिझायनरने १९९१ साली आणला. त्याला कल्पना सुचली ती पाण्यावरच्या स्कीइंगमध्ये घालायच्या रबरी मोज्यांवरून, नाव मात्र घेतलं मेक्सिकोतल्या शेतकऱ्याच्या वहाणेचं.

वाराचे आणि कोल्हापुरी एकमेकांना कधी भेटल्याचा पुरावा नाही, आणि तो शोधायची गरजही नाही. उन्हाचा मुलूख, दगडाळ वाट आणि हाताशी जनावराचं कातडं असलं, की माणूस साधारण सारख्याच तोडग्यावर येतो. जुन्या पद्धतीच्या वाराचेत चामड्याची एकच लांब पट्टी तळाच्या भोकांतून ओवत, गुंफत पायावर जाळी उभी करतात. कोल्हापुरीत हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, रापीने कापलेला तळ, आरीने पाडलेली भोकं आणि चामड्याच्याच वादीने घातलेले टाके. खिळा कुठेच नाही. वरची बारीक वेणी बहुतेक घरांत बायका विणतात, पण दुकानाच्या पाटीवर नाव बापाचं किंवा मुलाचं. कापशी हा प्रकार तर गावाचंच नाव घेऊन फिरतो.

मेक्सिकोत १९३०च्या दशकापासून चामड्याच्या तळाची जागा मोटारीच्या जुन्या टायरने घेतली. परंपरा बाटली म्हणून तिथे कुणी गळा काढला नाही. उत्तरेच्या डोंगरातले रारामुरी लोक अशाच टायरच्या वहाणांवर दऱ्याखोऱ्यांतून पळतात. १९९३ मध्ये अमेरिकेत कोलोराडोतल्या लेडव्हिल इथे झालेली शंभर मैलांची शर्यत व्हिक्टोरियानो चुरो या ५५ वर्षांच्या रारामुरी धावपटूने जिंकली, आणि तीही टायरच्या वहाणा घालून. २०१७ मध्ये त्यांच्यातल्याच मारिया लोरेना रामिरेझ हिने पुएब्ला राज्यात ५० किलोमीटरच्या शर्यतीत महिलांचा गट जिंकला, अंगात घागरा आणि पायात साध्या सँडल. बूट कंपन्यांच्या जाहिरात विभागाला त्या दिवशी काय वाटलं असेल, कुणास ठाऊक.

पण वहाण म्हणजे नुसती चालायची सोय कधीच नव्हती. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसबरोबर मेक्सिकोत आलेला बेर्नाल दियास हा शिपाई लिहून ठेवतो, की तिथला सम्राट मोक्तेसुमा याच्यासमोर जाताना मोठमोठ्या सरदारांनाही पादत्राणं काढून अनवाणी जावं लागे. आपल्याकडे हा दरबारी रिवाज गल्लीबोळांत उतरला. गावच्या वरच्या आळीतून जाताना दलिताने वहाणा हातात घ्यायच्या, हे पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. ज्या ढोर आणि चांभार समाजाच्या हातून कातडं कमावलं गेलं, तळ शिवला गेला, त्यांनाच देवळाची पायरी बंद होती. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात बाराव्या शतकातल्या हरळय्या या चर्मकार शरणाची, म्हणजे लिंगायत संताची, कथा सांगतात: त्याने म्हणे स्वतःच्या मांडीच्या कातड्याची वहाण शिवून बसवण्णांना अर्पण केली, आणि पुढे त्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागलं, तेव्हा राजाने दोघा बापांना देहदंड दिला. कथेत इतिहास किती, हा वाद बाजूला ठेवू. चामडं शिवणाऱ्याची भक्ती चालते, सोयरीक चालत नाही, हे मात्र ती कथा स्वच्छ सांगते.

म्हणूनच सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा मला फार महत्त्वाचा वाटतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या या देवाला नवस फेडताना केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवीन द्यायच्या. जे चामडं एरवी देवळाच्या दाराबाहेर, ते इथे थेट देवापुढे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याला. त्यातला व्यवहार मात्र पक्का आहे. कारागिराला असं गिऱ्हाईक मिळालंय जे फॅशन बदलत नाही.

मेक्सिकोचे सणही असंच काम करतात. मिशोआकान राज्यात पात्स्कुआरो तळ्याकाठी पुरेपेचा लोकांचा ‘म्हाताऱ्यांचा नाच’ असतो. तरणे नाचे सुरकुतलेले मुखवटे चढवून, काठीवर वाकून येतात आणि अचानक पाय असे आपटतात, की लाकडी तळाच्या वहाणांचा ताशा वाजावा. तळ रबरी असेल तर नाचच मुका होईल. १२ डिसेंबरला ग्वादालुपे मातेच्या उत्सवात लहान मुलांना हुआन दिएगो या आदिवासी भक्ताचा वेश देतात: ओठांवर काजळाची मिशी, पायात चिमुकले वाराचे. ५ जानेवारीच्या रात्री मुलं आपले बूट घरात मांडून ठेवतात आणि बाळ येशूच्या दर्शनाला गेलेले तीन राजे येऊन त्यांत भेटी ठेवतील म्हणून झोपी जातात. चपला उंबऱ्याबाहेर काढणाऱ्या आपल्या आजीला हे पटवून देणं अवघड आहे. आणि नोव्हेंबरच्या १-२ तारखांना, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे, मृतांच्या स्वागताला घरोघरी जो झेंडू पसरतात, तो मूळचा तिथलाच. आपला दसरा त्या मेक्सिकन फुलाशिवाय आता होत नाही.

२०२५ हे वर्ष दोन्ही वहाणांना सारखंच गेलं. जूनमध्ये मिलानच्या फॅशन मंचावर प्रादा या कंपनीने अंगठ्याच्या कोल्हापुरीसारखे जोड आणले आणि त्यांना नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष ललित गांधी यांच्या पत्रानंतर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. ऑगस्टमध्ये आदिदासने विली चावारिया या डिझायनरसोबत ‘ओआहाका स्लिप-ऑन’ दाखवला. त्याचं विणकाम ओआहाका राज्यातल्या यालालाग गावच्या झापोतेक कारागिरांच्या वाराचेचं होतं. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षा क्लाउडिया शेनबाम त्याविरुद्ध बोलल्या, आणि त्याच महिन्यात कंपनीचा प्रतिनिधी यालालागमध्ये जाऊन गावासमोर माफी मागून आला.

फरक कायद्यात आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे जिल्हे येतात. पण मानांकन राखतं ते नाव. ‘कोल्हापुरी’ हा शब्द न वापरता घाट उचलला, तर कारागिरांचे हात बांधले जातात. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रादाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली तीही मानांकनाचे मालक स्वतः येऊ शकतात, असं म्हणून. मेक्सिकोने २०२२ मध्ये केलेला कायदा आदिवासी समाजांचा त्यांच्या नक्षीवर, घाटावर सामूहिक हक्क मानतो. कागदावर तो आपल्यापेक्षा पुढे आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये प्रादाने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या दोन्ही चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरो, आणि कारागिरांना प्रशिक्षण असा तो बेत. चांगलंच आहे. फक्त दोन हजार जोडांनी आठ जिल्ह्यांची चूल पेटत नाही. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाल्यापासून कातडं मिळवणंच जिकिरीचं झालंय, आणि म्हशीच्या कातड्यावर भार पडलाय. त्यात कमावण्याच्या कुंडात हात घालायला घरातली शिकलेली पोरं तयार नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा? त्या वासावरूनच तर त्यांच्या आज्याला वेशीबाहेर ठेवलं होतं. गोदामातून सुटणारा रेक्झिनचा जोड चारशे रुपयांत घरपोच येतो; हाताने शिवलेल्याला त्याच्याशी भावात भिडता येणार नाही. त्याला गिऱ्हाईक हवं ते लग्नाचं, जत्रेचं, नवसाचं, खऱ्या चामड्याची ओढ असलेलं. आरवलीच्या वहाणा रबरी तळाच्या चालतील का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.