दोन वर्षांचं कॉलेज आणि एका वर्षाचा हिशोब

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. ती गेली वीस वर्षं कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहते. मावसभाऊ यंदा शाळा संपवतोय. "अगं, बर्कलीनं नाही म्हटलं, यूसीएलएनंही नाही म्हटलं. आता म्हणतो, इथल्या कम्युनिटी कॉलेजला जातो आणि दोन वर्षांनी बर्कलीला ट्रान्सफर घेतो. असं खरंच होतं का, की तो आमची नुसती समजूत काढतोय? आणि मंडळात लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

लोकांचं सोडून देऊ. पण पहिला प्रश्न नेमका माझ्या पीएचडीच्या विषयातला आहे, आणि त्याचं उत्तर "हो, होतं, पण" असं आहे. आजचा लेख त्या "पण"वर आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. कॅलिफोर्नियानं १९६० साली उच्च शिक्षणाचा एक मोठा आराखडा केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. वरच्या एक तृतीयांशांसाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी. आणि बाकी सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेज, जिथे दार कुणालाही बंद नाही. खालून वर जायला जिना ठेवला, तो म्हणजे ट्रान्सफर: पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. राज्यातल्या रहिवाशाला फी पडते एका युनिटला ४६ डॉलर. ट्रान्सफरला ६० सेमिस्टर युनिटं लागतात, म्हणजे दोन वर्षांचे मिळून २,७६० डॉलर. यूसीची एका वर्षाची फीच सुमारे १५ हजारांच्या घरात आहे.

आपल्याकडे याच्या जवळचं काय? डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणं. पण एक मोठा फरक लक्षात घ्या. डिप्लोमाचा अभ्यासक्रम बोर्ड ठरवतं. तुम्ही साताऱ्याला केलात की अकोल्याला, शाखा तीच असेल तर विषय तेच. कॅलिफोर्नियात तसं नाही. तिथे विषय निवडायचे विद्यार्थ्यानं, आणि विद्यापीठ एकेक विषय तपासून ठरवतं की हा आमच्या अमुक विषयाच्या बरोबरीचा आहे की नाही. अडचण इथूनच सुरू होते.

आता आकडे बघा. अमेरिकाभरात कम्युनिटी कॉलेजला प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी म्हणतात की आम्हाला पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची आहे. प्रत्यक्षात ट्रान्सफर होतात साधारण एक तृतीयांश. आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती शंभरातल्या सुमारे १६ जणांच्या. उरलेल्यांचं काय होतं?

यावरचं पहिलं गाजलेलं उत्तर १९६० सालचंच आहे, आणि तेही सॅन होजेतलंच. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानं तिथल्या कॉलेजचा अभ्यास केला. तो म्हणाला, ही कॉलेजं विद्यार्थ्याला कधी थेट "तुला जमणार नाही" असं सांगत नाहीत. चाचण्या, पूर्वतयारीचे वर्ग, समुपदेशकाच्या गप्पा यांतून त्याची महत्त्वाकांक्षा हळूहळू थंड करतात. शेवटी विद्यार्थ्यालाच वाटतं की हा निर्णय आपलाच. क्लार्कनं याला "कूलिंग आउट" म्हटलं. पुढची कित्येक दशकं वाद चालू राहिला: दोष विद्यार्थ्याच्या तयारीचा, की व्यवस्थेचा?

अलीकडच्या संशोधनानं हा प्रश्न जरा जमिनीवर आणला. २०१५ साली मोनॅघन आणि ॲटवेल या दोन अभ्यासकांनी सारख्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांची तुलना केली. कम्युनिटी कॉलेजातून आलेली मुलं विद्यापीठात पोचल्यावर अभ्यासात कमी पडतात, असं त्यांना दिसलं नाही. जास्त नडत होती ती वाटेत गळालेली क्रेडिटं. ज्यांची बहुतेक क्रेडिटं नव्या ठिकाणी चालली, त्यांची पदवी पूर्ण होण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. २०१७ साली अमेरिकी संसदेसाठी लेखातपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेनं अंदाज काढला की कॉलेज बदलताना विद्यार्थी सरासरी ४३ टक्के क्रेडिटं गमावतात. ही सरासरी सगळ्या प्रकारच्या बदलांची आहे. सरकारी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाताना गळती त्याहून कमी असते, पण असतेच.

म्हणजे मुलगा पास होतो, गुणही चांगले पडतात, पण ते विषय जिथे चालायला हवेत तिथे चालत नाहीत. नापास झालेल्याला निदान आपण नापास झालो हे कळतं. इथे मात्र दोन वर्षं कळतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. हा दोन वर्षांचा प्रवास नाही. समजा, तुम्ही ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू केलंत. यूसीचा ट्रान्सफरचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो. तेव्हा तुमच्या हातात गुण असतात फक्त पहिल्या वर्षाचे, फार तर एखाद्या उन्हाळी वर्गाचे. त्यात गणिताची साखळी धरा. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सला कॅल्क्युलसचे तीन टप्पे आणि पुढचं लिनिअर अल्जिब्रा वगैरे लागतं. एक झाल्याशिवाय दुसरं घेता येत नाही. पहिल्या सेमिस्टरला "आधी जरा सोपं घेऊ" म्हणून कॅल्क्युलसच्या खालचा वर्ग घेतला, तर दोनाची अडीच-तीन वर्षं तिथेच झाली.

थोडक्यात, अठराव्या वर्षी, कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात घेतलेला निर्णय सव्वा वर्षानंतरच्या अर्जात दिसतो. आणि तो घ्यायला मदत करणाऱ्या एकेका समुपदेशकाकडे शेकडो विद्यार्थी असतात. थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५च्या पुस्तकात याला कॅफेटेरियाची पद्धत म्हटलंय. आपल्या भाषेत, शंभर पदार्थांचं मेनूकार्ड हातात देऊन वेटर गायब. त्यांचं म्हणणं असं की विद्यार्थ्याला थाळी द्या: विषय ठरलेले, क्रम ठरलेला, बदल हवा तर विचारून.

मग मावसभावानं काय करायचं, म्हणून मी मावशीला चार गोष्टी सांगितल्या.

एक, "असिस्ट" नावाचं राज्याचं अधिकृत संकेतस्थळ आहे. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात चालतो, हे तिथे लिहिलेलं असतं. प्रवेश घेण्याआधी ते उघडायचं.

दोन, एकाच शाखेसाठी बर्कली वेगळे विषय मागतं, सॅन डिएगो वेगळे. म्हणून दोन-तीन विद्यापीठांच्या याद्या शेजारी ठेवून सामाईक विषय आधी घ्यायचे.

तीन, यूसीची सहा विद्यापीठं (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ) अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची लेखी हमी देतात. हमी एकाच ठिकाणची घेता येते, अर्ज सप्टेंबरमध्येच असतो, आणि गर्दीच्या काही शाखा त्यातून वगळलेल्या असतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो अशी हमी देत नाहीत. तरी बर्कली आणि यूसीएलएत ट्रान्सफरचा साधारण चारात एक अर्ज स्वीकारला जातो. शाळेतून थेट येणाऱ्यांचं प्रमाण दहात एकाच्या आसपास आहे. अर्थात हे चार जण आधीची गाळणी पार करून आलेले असतात, हे विसरू नका.

चार, पोचल्यावर पहिल्या सत्रात गुण घसरले तर घाबरायचं नाही. १९६५ सालीच जॉन हिल्स या संशोधकानं याला "ट्रान्सफर शॉक" असं नाव दिलं होतं. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला येऊन एम-थ्रीचा पेपर दिलेल्यांना वेगळं समजवायला नको! बहुतेकांची गाडी एक-दोन सत्रांत रुळावर येते. यूसीत ट्रान्सफर झालेल्यांतले पाचातले चार तरी पदवी पूर्ण करतात, आणि त्या पदवीवर सुरुवात कुठून झाली हे लिहिलेलं नसतं.

मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो वाया नाही गेला." नाही गेला. पण "दोन वर्षं आहेत, बघू पुढे" हे वाक्य घरातून हद्दपार करा, एवढंच मी म्हटलं. त्याच संध्याकाळी मावसभावाचा मेसेज आला: विषयांच्या तीन याद्या, आणि खाली प्रश्न, "ताई, यातलं आधी कुठलं घेऊ?"