सावलीचे माप

यवतमाळ जिल्ह्यात उन्हापासून जपण्याचे शिक्षण मुलांना नवे नाही. उन्हाळा लागताच शाळा सकाळच्या भरतात, विदर्भातील शाळा सुटीनंतर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि घरोघरी कांद्याची व पन्ह्याची आठवण निघते. परंतु हे सारे शिक्षण उष्णतेविषयीचे आहे. त्वचेला दीर्घकाळ अपाय करणारा सूर्यप्रकाशाचा अंश, म्हणजे अतिनील किरण, डोळ्यांना दिसत नाही व अंगाला तापदायकही वाटत नाही, आणि म्हणून त्याचा धडा किशोरवयीनांना स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

अतिनील किरणांपैकी सर्वांत घातक गट वातावरणातील ओझोन व प्राणवायू अडवतात. उरलेल्यांपैकी ‘ब’ गट त्वचेच्या वरच्या थरातील पेशींच्या डीएनएला, म्हणजे आनुवंशिक रेणूला, थेट इजा करतो, तर ‘अ’ गट अधिक खोल जाऊन त्वचेचा लवचिकपणा घटवतो. शरीर ही इजा बहुतांशी दुरुस्त करते. जी राहून जाते ती वर्षानुवर्षे साठते आणि क्वचित पेशींची वाढ अनिर्बंध होऊन कर्करोगाचे रूप घेते. बालपणी व तारुण्यात घेतलेली काळजी पुढच्या आयुष्यात उपयोगी पडते, ती याच कारणाने.

अतिनील किरणांची तीव्रता ‘अतिनील निर्देशांक’ या आकड्याने सांगतात. तो 3 किंवा अधिक असल्यास संरक्षण घ्यावे आणि 11 वा त्यापुढे गेल्यास तीव्रता पराकोटीची समजावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. हा आकडा हाताशी नसला तरी शाळेच्या पटांगणात रोवलेली काठी पुरते, कारण काठीपेक्षा तिची सावली आखूड असेल तेव्हा सूर्य उंच व किरण प्रखर असतात. यवतमाळ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 20.4 अंशांवर असल्याने मे महिन्याच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर येऊन काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. पण त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, 22 डिसेंबरच्या सुमारासही मध्यान्हीची सावली काठीपेक्षा किंचित आखूडच भरते. कपाशीच्या वेचणीच्या थंड दिवसांत ऊन कोवळे वाटते, तेही भर दुपारी निरुपद्रवी नसते, हे मुलांनी स्वतः मोजून पाहिले तर ते सहसा विसरणार नाहीत.

या शिक्षणात अतिरेकी भीतीला मात्र जागा नसावी. ऑस्ट्रेलियात 1981 पासून सदरा, मलम व टोपी यांचा पुरस्कार करणारी मोठी मोहीम झाली, ती तेथील बहुसंख्य गोऱ्या त्वचेच्या लोकांसाठी अत्यावश्यक होती. भारतीयांच्या त्वचेत मेलॅनिन हे किरण शोषणारे रंगद्रव्य अधिक असल्याने येथे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच कमी आहे. तथापि हे कवच सर्वांना सारखे लाभलेले नाही. वर्णकहीनता असलेल्या, म्हणजे जन्मतः त्वचा, केस व डोळे यांत रंगद्रव्य अत्यल्प असलेल्या मुलांना मोठा धोका असतो. त्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी व संरक्षक मलम हवेच, शिवाय सावलीतला खेळ आणि, दृष्टी अधू असल्याने, फळ्याजवळची जागा मिळणे ही शिक्षकांची जबाबदारी आहे. डोळ्यांना तर मेलॅनिनचे कवच पुरत नाही; अतिनील किरण मोतीबिंदूचे एक कारण ठरतात.

त्वचेचा प्रत्येक कर्करोग उन्हामुळे होत नाही, हेही महाराष्ट्रातील वैद्यकानेच दाखवले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह 1945 मध्ये ‘धोतर कर्करोगा’चे वर्णन प्रसिद्ध केले; घट्ट नेसलेल्या वस्त्राच्या सततच्या घर्षणाने तो कमरेवर उद्भवतो. भाजल्याचे जुने व्रण आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमा यांतूनही कर्करोग संभवतो, तर सावळ्या त्वचेत मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, बहुधा तळपायावर वा नखाखाली आढळतो आणि त्याचा उन्हाशी संबंध जोडता येत नाही. म्हणून महिनाभरात न भरणारी जखम, वाढता वा रंग बदलणारा डाग आणि नखाखालची नवी काळी रेघ डॉक्टरांना दाखवावी, एवढे मुलांनी शिकून घरातील वडीलधाऱ्यांचे तळपाय पाहिले तरी धडा सार्थकी लागेल.

संरक्षणाचे साधन तर या कापूसपट्ट्यात घरोघरी आहे. पातळ, ब्लीच केलेल्या पांढऱ्या सुती कापडातून, विशेषतः ते ओले असताना, बरेच किरण आरपार जातात. दाट विणीचे, गडद रंगाचे किंवा मांजरपाटासारखे कोरे कापड ते अधिक अडवते. वेचणीला जाताना स्त्रिया साडीवर जुना सदरा चढवतात आणि डोक्याला घट्ट फडके बांधतात, ते शास्त्राला धरूनच आहे. हेच ज्ञान शाळेने नाव देऊन मुलांपुढे मांडावे.

मात्र ‘काळे पडू नये’ हे कारण या धड्याला कधीही जोडू नये, कारण त्यातूनच किशोरवयीन मुली, आणि आता मुलेही, स्टेरॉइडयुक्त ‘गोरेपणा’च्या मलमांकडे वळतात आणि अशी मलमे त्वचा पातळ करून तिला उन्हापुढे अधिक दुबळी करतात. सावळेपणा हा दोष नसून शरीराने स्वतः विणलेले संरक्षण आहे; त्याची लाज वाटेनाशी झाली, तरच काठीच्या सावलीवरून शिकलेली सावधगिरी मुलांच्या अंगवळणी पडेल.