शालेय हवामान केंद्राची आज्ञावली बदलताना

पर्जन्यमापकाशेजारी नोंदवही ठेवण्याची रीत आपल्या शाळांना नवी नाही. सकाळी साडेआठ वाजता मोजपात्रातील पाणी पाहावयाचे, आकडा फळ्यावर लिहावयाचा आणि वहीत उतरवावयाचा, एवढेच ते काम. आता काही शाळांतून हेच काम स्वयंचलित हवामान केंद्र करू लागले आहे. वारा, तापमान, आर्द्रता व पाऊस यांची मापे यंत्र घेते आणि लहानशा संगणकातील आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, ती ठराविक मिनिटांनी साठवून ठेवते. या आज्ञावलीची नवी आवृत्ती अधूनमधून निघते व ती केव्हातरी घ्यावीच लागते. वीडब्ल्यूएक्स ही अशा कामाची एक विनामूल्य आज्ञावली आहे. तिची पाचवी आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, तेव्हा पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीचा आधार तिने सोडून दिला. ज्यांचा संगणक जुना, त्यांना आधी संगणकाचीच व्यवस्था पाहावी लागली.

येवल्यासारख्या तालुक्यात हा केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही. जिल्हा एकच, परंतु घाटमाथ्यावरील इगतपुरीस जेथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील येवल्यास त्याचा लहानसा अंशच लाभतो. पालखेडचा डावा कालवा सर्व गावांस पोचत नाही. अशा ठिकाणी पेरणी करावी की थांबावे, हे मृगानंतरच्या थोड्या मिलिमीटरांवर ठरते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये, असा कृषिखात्याचा सल्ला असतो. फळ्यावरचा आकडा मुले घरी जाऊन सांगतात, आणि तो घरी ऐकला जातो.

आता धोका कोठे आहे तो पाहू. स्वयंचलित पर्जन्यमापकात तराजूसारखी कलणारी एक छोटी वाटी असते. ती भरली की कलते, रिकामी होते आणि एक आघात नोंदवते. काही वाट्या ०.२ मिलिमीटरला कलतात, काही इंचाच्या शंभराव्या भागाला, म्हणजे ०.२५४ मिलिमीटरला. आपल्या केंद्रातील वाटी पहिल्या प्रकारची आहे आणि नवी आवृत्ती बसवताना मांडणी पुसली जाऊन दुसरा प्रकार गृहीत धरला गेला, असे समजा. ३०० आघात झाले. खरा पाऊस ६० मिलिमीटर. पडद्यावर दिसेल ७६.२! यंत्र बंद पडले असते तर चूक त्याच दिवशी उमगली असती. येथे सर्व काही सुरळीत चाललेले दिसते, आणि दुबार पेरणीचे बियाणे मात्र कुणाला तरी विकत घ्यावे लागते.

इंच आणि मिलिमीटर यांचा हा गोंधळ आजचा नव्हे. मापनाच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि पावसाचे इंच व सेंट हळूहळू मागे पडले. तथापि ‘पावसाचा दिवस’ ठरवण्यास आजही २.५ मिलिमीटर ही मर्यादा धरतात. ती जुन्या दहा सेंटांचीच खूण होय. एकक बदलले तरी जुन्या नोंदी नव्यांशी जुळवता आल्या, कारण कोणता आकडा कोणत्या एककात आहे हे वहीत स्पष्ट होते. वीडब्ल्यूएक्समध्येही साठवण्याचे एकक वेगळे आणि दाखवण्याचे वेगळे असू शकते. दाखवण्याचे एकक हवे तेव्हा बदलावे. साठा ज्या एककात सुरू झाला, त्याला मधेच हात लावू नये.

हे काम पावसाळ्यात काढू नये. परतीचा पाऊस संपल्यावर, कोरड्या दिवशी, साडेआठची नोंद झाल्यानंतर आरंभ करावा. दीर्घ सुटीच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. बिघाड झाल्यास पाहणारे कोणी नसते. प्रथम नव्या आवृत्तीसोबतचे निवेदन संपूर्ण वाचावे. नंतर आज्ञावली थांबवावी आणि मगच नोंदींचा साठा व मांडणीची फाईल पेनड्राइव्हवर उतरवावी. चालू साठ्याची प्रत घेतल्यास ती अर्धवट लिहिलेली निघू शकते. प्रत घेतली म्हणजे झाले असे नव्हे. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पहिली व शेवटची नोंद डोळ्यांनी पाहावी. वाटीचे माप, एकक, केंद्राची उंची व वेळेची मांडणी कागदावरही लिहून ठेवावी. तो कागद पेनड्राइव्हहून अधिक उपयोगी पडल्याचे दिसून येते.

वेळेचे विशेष भान हवे. आपले साडेआठ म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे तीन. नव्याने बसवलेली प्रणाली जागतिक वेळेवरच राहिली, तर दिवसाची सीमा साडेपाच तास सरकते आणि पहाटेचा पाऊस भलत्याच तारखेस जमा होतो.

आवृत्ती बदलल्यावर पर्जन्यमापकाची परीक्षा घ्यावी, आणि ती वर्गासमोर घ्यावी. मुखाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर असल्यास एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. म्हणून २०० मिलिलिटर पाणी अगदी सावकाश, थेंबथेंब सोडावे; १० मिलिमीटर दिसले पाहिजे, म्हणजे ०.२ च्या वाटीचे सुमारे ५० आघात. मुखाचे माप निराळे असल्यास हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. चौथी-पाचवीच्या मुलांस क्षेत्रफळ व घनफळ यांचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. मात्र हे पाणी साठ्यात पाऊस म्हणून नोंदले जाते, याचा विसर पडू नये! ती नोंद काढून टाकावी आणि ‘चाचणी’ असा शेरा तारखेसह वहीत लिहावा.

साधा पर्जन्यमापक व कागदी वही या काळात बंद ठेवू नयेत. पुढील पावसाळाभर दोन्ही आकडे एकाच पानावर शेजारीशेजारी लिहावेत. वाऱ्यामुळे व जागेमुळे थोडा फरक पडेलच. परंतु दर पावसास एकाच दिशेने चौथाईएवढा फरक येऊ लागला, तर प्रथम वाटीचे माप तपासावे. तो पावसाळा पुरा होईपर्यंत जुनी प्रत पुसू नये.