चूल, फुंकणी आणि शर्यतीची मोटार

मुलांनो, शाळा सुटल्यावर आमच्या रेवसच्या धक्क्यावर मोठी मौज असते. पलीकडच्या करंजाहून लाँच येते, माणसं उतरतात, मासळीच्या टोपल्या चढतात-उतरतात. पाहुण्यांना न्यायला आलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. या गाड्या निरखत बसणं हा आमच्या चौथीतल्या मुलांचा आवडता उद्योग!

एके दिवशी दोघांची चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, "ज्या गाडीचं इंजिन मोठं, तीच जोरात पळणार." दुसरा म्हणाला, "मुळीच नाही! माझ्या मामाच्या गाडीचं इंजिन छोटंच आहे, पण त्याला टर्बो आहे. ती मोठ्या गाडीलाही मागे टाकते." भांडण माझ्यापर्यंत आलं. "बाई, तुम्हीच सांगा, कोणाचं खरं?"

आता खरं सांगू? बाईंनाही उत्तर येत नव्हतं! टर्बो हा शब्द ऐकून माहीत होता, पण तो नेमकं करतो काय, हे मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. "शोधून सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली.

सुदैवानं शिमग्याला माझा एक जुना विद्यार्थी गावी आला. तो मुंबईत इंजिनिअरिंग शिकतो. त्याच्या कॉलेजातली मुलं मिळून एक छोटी शर्यतीची मोटार बांधतात, आणि इंजिनाचं काम याच्याकडे आहे. त्याचे वडील इथेच मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहेत. दोन्ही भांडखोरांना घेऊन मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

इंजिन खातं काय?

त्यानं पहिल्यांदा मुलांनाच विचारलं, "इंजिन काय खातं रे?"

"पेट्रोल!" "डिझेल!"

"आणखी?"

सगळे गप्प. "अरे, हवा!" तो हसून म्हणाला. "एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ 15 किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा! दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशा खोलीत मावेल एवढी."

मुलांचे डोळे मोठे झाले. माझेही झाले!

तेवढ्यात आत आजी चूल पेटवत होत्या. लाकडं ओली, नुसता धूर. आजींनी फुंकणी घेतली, दोन फुंकरा मारल्या आणि भक्कन जाळ झाला. "पाहिलंत? लाकडं तेवढीच, चूल तेवढीच. वाढली फक्त हवा," तो म्हणाला. "इंजिनाचंही तसंच. इंधन जास्त ओतणं सोपं आहे. पण त्याच्या जोडीला हवा कमी पडली, तर नुसता काळा धूर. म्हणून ताकदवान इंजिन बांधायचं म्हणजे त्याला जास्त हवा द्यायची. आणि त्याच्या दोन रीती आहेत."

पहिली रीत : दम वाढवा

इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली सरकतो तेव्हा वर जागा मोकळी होते. झडप उघडी असते. बाहेरच्या हवेचा दाब हवेला आत ढकलतो. मग झडप बंद होते, दट्ट्या वर येऊन हवा आणि इंधन दाबतो, ठिणगी पडते, भडका उडतो आणि दट्ट्या जोरानं खाली फेकला जातो. शेवटी धूर बाहेर. अशा आपल्या आपण श्वास घेणाऱ्या इंजिनाला 'नॅचरली ॲस्पिरेटेड' म्हणतात. थोडक्यात, एन.ए. इंजिन.

याची ताकद वाढवायची कशी? कबड्डीपटू दम वाढवतो तशी! एका सिलिंडरला दोनऐवजी चार झडपा द्यायच्या, म्हणजे हवा भराभर आत-बाहेर होईल. हवेची वाट आतून गुळगुळीत करायची. झडपा जरा जास्त वेळ उघड्या राहतील असा कॅमशाफ्ट बसवायचा. हवा आणखी घट्ट दाबून मग पेटवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन भराभर फिरवायचं. जितक्या फेऱ्या जास्त, तितके श्वास जास्त.

जपानच्या होंडा कंपनीनं 1999 साली एस-2000 नावाची मोटार काढली. इंजिन फक्त दोन लिटरचं, टर्बो वगैरे काही नाही. तरी ते 250 अश्वशक्ती देई! पण केव्हा? मिनिटाला 8,300 फेऱ्या झाल्या म्हणजे. हळू फिरताना ती ताकद हाताशी नसे.

अशा इंजिनाचा मोठा गुण म्हणजे ते आज्ञाधारक असतं. पाय दाबला की लगेच जोर, पाय उचलला की लगेच शांत. पण त्याला एक मर्यादा आहे. बाहेरची हवा जेवढी ढकलेल, जवळपास तेवढंच ते घेणार. रेवसला आपण समुद्राच्या काठी, म्हणून हवा दाट. तीच गाडी महाबळेश्वरला न्या. तिथे हवा दहा-बारा टक्के विरळ, म्हणून इंजिनाचा जोरही तेवढा उतरतो.

दुसरी रीत : फुंकणी लावा

ही आजींची रीत! हवा आपण होऊन येण्याची वाट बघायची नाही, ती दाबून आत कोंबायची. याला 'फोर्स्ड इंडक्शन' म्हणतात. त्याचेही दोन प्रकार. इंजिनाच्याच पट्ट्यावर पंखा फिरवला तर तो सुपरचार्जर. तो लगेच कामाला लागतो, पण फिरण्यासाठी इंजिनाचीच थोडी ताकद खातो.

दुसरा टर्बोचार्जर. याची युक्ती फार गमतीची आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया जातो ना? त्या गरम, वेगवान धुरावर एक चक्र फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. म्हणजे टाकाऊतून टिकाऊ! हे चिमुकलं चक्र मिनिटाला एक लाखाहून जास्त फेऱ्या मारतं, बरं का!

फरक किती पडतो? टाटा मोटर्सची अल्ट्रोझ गाडी घ्या. तिचं तीन सिलिंडरचं 1,199 घनसेंटिमीटरचं साधं पेट्रोल इंजिन 88 अश्वशक्ती देतं. 2024 साली कंपनीनं अल्ट्रोझ रेसर काढली. इंजिन तेवढंच, 1,199 घनसेंटिमीटरचं, पण टर्बो लावलेलं. त्याची ताकद 120 अश्वशक्ती! म्हणजे मामाची गाडी फुशारकी मारत होती ती अगदीच खोटी नव्हती.

"पण ही ताकद फुकट मिळत नाही," त्यानं बजावलं. पाय दाबल्यावर धूर वाढून चक्र वेग घेईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला इंटरकूलर लावावा लागतो. आणि हवा फार तापली, तर ठिणगी पडल्यावर इंधन क्रमानं न जळता एकदम फुटतं. आतून हातोडी मारल्यासारखा टणटण आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ते दट्ट्याचा जीव घेतं. म्हणून टर्बोचं इंजिन मुळापासून तसं बांधावं लागतं. दट्ट्या मजबूत, दांडे मजबूत, तेल उत्तम, आणि सिलिंडरातला मूळचा दाब बेताचा.

जहाजावरून मैदानात

टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. त्यानं 1905 साली तिचं पेटंट घेतलं. पण तिचं पहिलं मोठं यश मोटारीत दिसलं नाही, तर आपल्या ओळखीच्या जागी, पाण्यावर! 1920 नंतरच्या दशकात जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो लावले, आणि त्यांची ताकद 1,750 अश्वशक्तीवरून 2,500 वर गेली.

1952 साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीनं टर्बो लावलेली डिझेल मोटार उतरवली. हीच ती कंपनी, जिचा कारखाना पुढे 1962 साली किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्याच्या कोथरूडला उभा राहिला. चालक होता फ्रेड अगाबाशियन. शर्यतीत तो पहिल्या जागेवरून सुटला. पण टर्बोचं हवा घेण्याचं तोंड पुढे, खाली होतं. दुसऱ्या गाड्यांच्या टायरांचे रबरी कण त्यात जाऊन बसले. इंजिनाचा श्वास कोंडला, आणि 71 व्या फेरीला गाडी बाहेर पडली!

फॉर्म्युला वनमध्ये 1977 साली फ्रान्सच्या रेनॉनं पहिली टर्बो मोटार आणली. इतरांची इंजिनं तीन लिटरची, हिचं फक्त दीड लिटरचं. पिवळ्या रंगाची ही गाडी वारंवार बिघडून धूर सोडी, म्हणून लोक तिला 'पिवळी किटली' म्हणून चिडवत. पण 1979 साली फ्रान्समध्येच या किटलीनं शर्यत जिंकली आणि चिडवणारे गप्प झाले. पुढे जवळजवळ सगळ्यांनीच टर्बो लावले. ताकद इतकी वाढली, की 1989 पासून टर्बोवर बंदी आली. 2005 साली नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा त्याच्या गाडीत दहा सिलिंडरचं एन.ए. इंजिन होतं. ते मिनिटाला 18 हजारांहून जास्त फेऱ्या मारी. 2014 पासून टर्बो पुन्हा परत आला. म्हणजे भांडण अजून मिटलेलं नाही!

एका रुपयाएवढं भोक

"मग तुमच्या गाडीला काय लावलंत?" मुलांनी विचारलं.

त्याचा चेहरा जरा पडला. विद्यार्थ्यांच्या या स्पर्धेत एक नियम असतो. पेट्रोल इंजिनात जाणारी सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढं भोक! त्यातून हवा ध्वनीच्या वेगानं जाऊ लागली, की कितीही ओढा, त्याहून जास्त येत नाही. कोणाची ताकद बेसुमार वाढू नये, मुलं सुरक्षित राहावीत, म्हणून हा नियम.

"तरी आम्ही हट्टानं टर्बोच लावला. इंजिन मोटारसायकलचं, एका सिलिंडरचं. भोकामुळे शेवटची ताकद फार वाढणार नव्हती, पण कमी फेऱ्यांतही जोर मिळेल असा हिशेब होता. हिशेब चुकला नव्हता, धीर चुकला. इंधन आणि ठिणगीची वेळ नीट जुळवायच्या आधीच आम्ही हवेचा दाब वाढवला. चाचणीत टणटण आवाज आला. मी म्हणालो, अजून एक फेरी मारू. त्या फेरीत दट्ट्याला भोक पडलं. स्पर्धेला पाच आठवडे उरले होते, आणि पैसे सगळ्यांनी वर्षभर साठवलेले."

ओट्यावर कोणी काही बोललं नाही. तो पुढे म्हणाला, "दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं, की आवाज मला ऐकू आला होता. मग टर्बो काढला. तेच इंजिन साध्या श्वासाचं करून पुन्हा बांधलं. हवेच्या नळीची लांबी बदलून बदलून पाहिली. गाडी सगळ्यात वेगवान नव्हती, पण 22 किलोमीटरची मोठी फेरी तिनं पुरी केली. आमच्यापेक्षा वेगवान असलेल्या काही गाड्या मधेच थांबल्या होत्या."

इतका वेळ जाळं विणत ऐकणारे त्याचे वडील आता बोलले. "आमच्या बोटीलाही मी साधंच इंजिन ठेवलंय. त्याला टर्बो नाही. जरा मोठं, जरा जड, पण बिघडलं तर माझं मला खोलता येतं. शेजारची बोट मोठी, लांब जाते, तिला टर्बो हवाच. तीही बरोबर, मीही बरोबर." मग मुलाकडे पाहून म्हणाले, "पोरा, शर्यतीत गाडी बंद पडली तर तू उतरून चालत येशील. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं, तर काय पाण्यावरून चालत येऊ?"

आमच्या दोन भांडखोरांना उत्तर मिळालं होतं. मोठं इंजिन जास्त हवा घेतं, म्हणून पहिल्याचं खरं. छोट्या इंजिनात जास्त हवा कोंबता येते, म्हणून दुसऱ्याचंही खरं. कोणतं चांगलं, हे मात्र इंजिनाला विचारून कळत नाही. त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं, हे आधी ठरवावं लागतं.

आणि मोठ्या मुलांनो, हे वाचून दादाच्या गाडीला गॅरेजात टर्बो ठोकून आणायचा बेत करू नका हं! साध्या इंजिनाला तो सोसत नाही. शिवाय कंपनीनं बांधलेल्या गाडीत परस्पर असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचीही मनाई आहे. इंजिन बांधायचंच असेल, तर शिकून, मोजून आणि टणटण आवाज आला की थांबून बांधा.

करून पाहा

सायकलचा पंप घ्या. पुढचं तोंड बोटानं घट्ट दाबून आठ-दहा वेळा जोरात दांडा मारा. आता पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. गरम लागतं ना? दाबलेली हवा तापते ती अशी. आता सांगा पाहू, टर्बोच्या गाडीला इंटरकूलर कशाला लागतो?