मालवण किनाऱ्यावरील पुरातत्त्वीय वारसा : पर्यावरणीय बदल आणि मानवी हस्तक्षेप

छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळील कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली. १६६७ मध्ये तो पूर्णत्वास गेला. पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे त्याचे उपदुर्ग होत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे दोन्ही आहेत. या गौरवामुळे तटबंदीकडे लक्ष वेधले गेले, परंतु भरतीरेषेखालील अवशेष दुर्लक्षितच आहेत.

कोकणातील बांधकामात सर्रास वापरला जाणारा जांभा दगड सच्छिद्र असतो. खारे पाणी त्याच्या छिद्रांत शिरते आणि उन्हाने पाणी उडून गेले की क्षारांचे स्फटिक आतच राहतात. स्फटिक वाढताना दगडावर आतून दाब पडतो व त्याचा पृष्ठभाग भुकटीप्रमाणे झडू लागतो. सांध्यांतील चुना निघून गेल्यावर लाटा आतील भरावही ओढून नेतात. ही क्रिया शतकानुशतके चालू आहे. मात्र वाढती सागरपातळी व मे २०२१ मधील तौक्तेसारखी वादळे तिचा वेग वाढवितात. ऑगस्ट २०२० मध्ये विजयदुर्गाच्या तटबंदीचा काही भाग पावसाळ्यात ढासळला.

खाड्यांतील वाळूउपशामुळे किनाऱ्याला मिळणारा गाळ घटतो. धूपप्रतिबंधक बंधारे एका ठिकाणची धूप थांबवितात खरे, पण पुष्कळदा ती शेजारच्या किनाऱ्याकडे ढकलतात.

प्राचीन स्मारकविषयक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. हे निर्बंध बांधकामावर आहेत. लाटा, नांगर व ओढजाळी त्यांच्या कक्षेत येत नाहीत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तेही सागरी जीवसृष्टीच्या रक्षणार्थ. वस्तुतः राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना विजयदुर्गाजवळील समुद्रात दगडी नांगर व पाण्याखालील भिंत आढळली आहे. असा नांगर जाळ्यात अडकून जागचा हलला की जहाजे नेमकी कोठे थांबत, याचा पुरावा नाहीसा होतो. मग तो संग्रहालयात पोहोचला तरी उपयोग अर्धाच.

जाळी कोठे अडकतात हे स्थानिक गाबित मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उधाणाच्या ओहोटीला पद्मगड परिसराची पाहणी करून या जागा त्यांच्याच साहाय्याने नकाशावर नोंदविणे, हे अल्प खर्चाचे काम महाविद्यालयीन पातळीवरही होऊ शकते.